आपला कॉलेज संघ बेलफास्टला चालला आहे: समर्थकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टन, लोवेल, वूस्टर, प्रॉव्हिडन्स या पट्ट्यात शिकायला आलेली मराठी मुलं पहिल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी आग्रहाने आइस हॉकी बघायला जातात, आणि त्यातली बरीच कायमची समर्थक होतात. मग एखाद्या वर्षी कळतं की आपला संघ थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारची अमेरिकन सुट्टी) समुद्रापार, उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये खेळणार आहे. त्यानंतर सुरू होणारे प्रश्न दरवेळी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी लोवेलच्या संघाची समर्थक आहे, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील, पण माहिती कुठल्याही कॉलेजच्या समर्थकाला उपयोगी पडावी.

ही स्पर्धा नेमकी कोणती?

फ्रेंडशिप फोर. अमेरिकन कॉलेजांचे चार पुरुष संघ थँक्सगिव्हिंगच्या शुक्रवारी आणि शनिवारी बेलफास्टच्या एसएसई अरीनात खेळतात. शुक्रवारी दोन सामने होतात. शनिवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम सामना. जिंकणाऱ्याला बेलपॉट नावाचा करंडक मिळतो. बोस्टनची चार कॉलेजं १९५२ पासून बीनपॉट ही आपापसातली हॉकी स्पर्धा खेळतात, त्याच धर्तीवरचं हे नाव.

सुरुवात २०१५ मध्ये झाली. त्या वर्षी लोवेल, नॉर्थईस्टर्न, ब्राऊन आणि कोलगेट असे चार संघ गेले होते आणि पहिला बेलपॉट लोवेलने घरी आणला. पुढच्या वर्षी व्हरमाँट, २०१७ मध्ये क्लार्कसन आणि २०१८ मध्ये युनियन कॉलेज जिंकलं. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये स्पर्धा झाली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी गेलेल्या क्विनिपिॲकने पुढच्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मिनेसोटाविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळ सुरू होऊन दहा सेकंद झाली होती, तेवढ्यात त्यांनी गोल केला. परदेश दौऱ्याने हंगामाची घडी बिघडते असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देते.

बेलफास्टच का?

बोस्टन आणि बेलफास्ट यांच्यात २०१४ मध्ये भगिनी शहरांचा करार झाला. त्यातून काहीतरी जिवंत उभं राहावं म्हणून ही स्पर्धा आखली गेली. न्यू इंग्लंडचं आयर्लंडशी नातं जुनं आहेच. लोवेलचे कालवे १८२० च्या दशकात खणले ते आयरिश मजुरांनी. १८२२ साली ह्यू कमिस्की नावाच्या मुकादमाबरोबर मजुरांची एक टोळी चार्ल्सटाऊनहून चालत लोवेलला आली. त्या कालव्यांच्या पाण्यावर सुती कापडाच्या गिरण्या चालल्या. इकडे बेलफास्ट लिननच्या गिरण्यांसाठी जगभर नावाजलेलं होतं. गिरणगाव बघितलेल्या मराठी माणसाला ही दोन्ही शहरं फार परकी वाटत नाहीत: तीच विटांची लांबच लांब इमारत, तेच धुराडं, आणि आता आत घरं किंवा कचेऱ्या.

दुसरं कारण शांततेचं आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांच्या वादातून साधारण तीस वर्षं चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे हा शांतता करार झाला. त्या वाटाघाटींचं अध्यक्षपद जॉर्ज मिचेल यांच्याकडे होतं, आणि ते अमेरिकेच्या मेन राज्याचे माजी सिनेटर. मेन विद्यापीठाचा संघ २०१७ मध्ये याच स्पर्धेसाठी बेलफास्टला आला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या जाणत्या मंडळींना त्या योगाचं महत्त्व माहीत होतं.

बेलफास्टमध्ये आइस हॉकी बघतं तरी कोण?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण उत्तर ऐकून लोक जायचं ठरवतात.

बेलफास्ट जायंट्स हा तिथला व्यावसायिक संघ २००० मध्ये सुरू झाला. फुटबॉलमध्ये तुम्ही कोणाचा शर्ट घालता यावरून त्या शहरात तुमचा धर्म, मोहल्ला आणि राजकारण ओळखलं जायचं. आइस हॉकीला असा इतिहासच नव्हता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट घरांतली मुलं शेजारी बसून ओरडू शकतील असा खेळ हवा होता, तो हा निघाला. 'जायंट्सच्या भूमीत सगळे समान' हे त्यांचं ब्रीद आहे, आणि अरीना मुद्दाम अशा भागात आहे की तो कोणत्याच एका समाजाचा मानला जात नाही. ज्या जहाजबांधणीच्या आवारात टायटॅनिक बांधली गेली, त्याच परिसरात तो उभा आहे. बाहेर पडलात की हारलँड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीच्या सॅमसन आणि गोलायथ या दोन पिवळ्या क्रेन दिसतात.

म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला खेळ कळतो. जायंट्सचे नियमित प्रेक्षक आपापले टील रंगाचे शर्ट घालून कॉलेजचे सामने बघायला येतात. आणि शाळांची मुलं येतात, मोठ्या संख्येने. सामन्यांआधीच्या दिवसांत खेळाडू तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये जातात, विज्ञान-गणिताच्या उपक्रमांत मुलांबरोबर बसतात, हॉकीबद्दल सांगतात. मग ती मुलं त्या संघाला आपला मानून शुक्रवारी अरीनात येतात. कुठे आहे हे माहीत नसलेल्या कॉलेजचं नाव हजारो चिमुकल्या आवाजांत ऐकू येतं तेव्हा काय वाटतं, हे शब्दांत सांगणं मला जमत नाही. आपण घरून दोनशे-तीनशे जण गेलेलो असतो, पण संघाला पाठिंबा त्याच्या कितीतरी पट असतो.

मला हॉकीचे नियम फारसे कळत नाहीत. चालेल का?

चालेल. एवढं लक्षात ठेवा: २० मिनिटांचे तीन भाग. बर्फावर एका संघाचे सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच बदलले जातात. चूक करणारा दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि समोरच्या संघाला एक माणूस जास्त मिळतो, तो पॉवर प्ले. चेंडूऐवजी असते ती रबराची चकती म्हणजे पक. समोरच्या संघाच्या बाजूची निळी रेषा पकच्या आधी ओलांडली की ऑफसाइड. मधली लाल रेषा ओलांडण्याआधीच पक पार दुसऱ्या टोकाला भिरकावला की आइसिंग.

कॉलेज हॉकीत दोन गोष्टी व्यावसायिक खेळापेक्षा वेगळ्या आहेत. प्रत्येक खेळाडूच्या हेल्मेटला पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच असते, ती सक्तीची आहे. आणि मारामारी खपवून घेतली जात नाही. हाणामारी करणारा त्या सामन्यातून बाहेर जातोच, शिवाय पुढच्याही सामन्याला मुकतो. त्यामुळे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांनी निश्चिंत यावं. वेग मात्र जबरदस्त असतो.

तिथलं मैदान वेगळं असतं म्हणतात, त्याने काय फरक पडतो?

अमेरिकेत बहुतेक रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असतात. बेलफास्टचा आंतरराष्ट्रीय मापाचा आहे, ६० बाय ३०. चार मीटर रुंदी वाढली की कडेला मोकळी जागा मिळते, जलद स्केटिंग करणारे संघ खुलतात आणि अंगावर धावून जाणाऱ्या बचावपटूला पोहोचायला अर्धा क्षण उशीर होतो. आपला संघ धक्काबुक्कीच्या बळावर जिंकणारा असेल तर पहिल्या भागात तो चाचपडताना दिसेल. घाबरून जाऊ नका. दुसऱ्या भागापर्यंत मुलं जुळवून घेतात.

हे सामने खरे की मैत्रीपूर्ण?

नावात मैत्री आहे, पण सामने पूर्ण अधिकृत आहेत. एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नोंदीत हार-जीत धरली जाते आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे १६ संघ निवडताना तिचा हिशेब होतो. नोव्हेंबरमधल्या एका पराभवाने मार्चमध्ये घरी बसावं लागल्याची उदाहरणं कॉलेज हॉकीत भरपूर आहेत.

बरोबरी झाली तर काय, हेही लोक विचारतात. आधी पाच मिनिटांचा जादा वेळ, त्यात दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू. तरीही निकाल लागला नाही तर नोंदीत तो सामना बरोबरीचाच राहतो, पण स्पर्धेत पुढे कोण जाणार हे ठरवायला शूटआउट होतो. म्हणजे करंडक उचलणाऱ्या संघाच्या नावापुढे अधिकृत तक्त्यात 'बरोबरी' लिहिलेलं असू शकतं.

आपला संघ दरवर्षी का जात नाही?

नियमच तसा आहे. कॅनडा आणि मेक्सिको सोडले तर हंगामात परदेशी जाऊन खेळण्याची मुभा एका कॉलेजला चार वर्षांतून एकदाच मिळते. नॉर्थईस्टर्न आणि कोलगेट २०१५ मध्ये गेले ते पुन्हा २०१९ मध्ये. कॉलेजच्या चार वर्षांत खेळाडूला ही संधी फार तर एकदा येते, आणि त्याच्या आईवडिलांनाही. म्हणून या दौऱ्यात पालकांची गर्दी एवढी असते. मिनेसोटातून, ओंटारियोतून, कधी स्वीडनहून आलेले आईवडील इथे एकमेकांना पहिल्यांदा भेटतात. त्यांच्याशी बोला. आपल्या मुलाच्या संघासाठी पुण्या-नागपूरकडची मुलं आवाज बसेपर्यंत ओरडतात हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मी बघितला आहे.

मी भारतीय पासपोर्टवर आहे, एफ-१ व्हिसावर शिकते. मला जाता येईल का?

येईल, पण हे उत्तर नीट वाचा आणि तयारी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू करा. दौरा हुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग आहे. त्यामुळे ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज अमेरिकेतून करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण बोटांचे ठसे देण्यासाठीची वेळ मिळायला त्याआधी दिवस जातात. ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टला हा व्हिसा लागतोच.

आता मार्ग. अमेरिकन समर्थकांपैकी बरेच जण बोस्टनहून थेट डब्लिनला उतरतात आणि तिथून दोन तासांत बसने किंवा ट्रेनने बेलफास्टला येतात. स्वस्त आणि सोपं. पण डब्लिन हा वेगळा देश आहे आणि आयर्लंडचा व्हिसा वेगळा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडची एकाच व्हिसावर ये-जा करू देणारी योजना भारतीयांसाठी आहे, मात्र त्यासाठी अर्ज भारतातून केलेला असावा लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर आयर्लंडला जाऊ देणारी दुसरी सवलत आहे तिच्यात आधी ब्रिटनमध्ये उतरण्याची अट आहे. तात्पर्य, अमेरिकेतून निघणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने बोस्टन ते लंडन आणि लंडन ते बेलफास्ट असंच जावं. मित्रमैत्रिणींनी डब्लिनचं तिकीट काढलं म्हणून तुम्ही काढू नका. दोन्ही देशांचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांची अधिकृत संकेतस्थळं बघा.

परतीचंही बघून ठेवा. पासपोर्टवरचा एफ-१ शिक्का परत येण्याच्या दिवशी वैध हवा. शिक्का संपलेला असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला थोडक्यात जाऊन परत येण्याची सोय आहे, ती ब्रिटनला लागू नाही. आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर, प्रवासाची सही ताजी असावी: शिकत असताना वर्षभराच्या आतली, ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर) असाल तर सहा महिन्यांच्या आतली. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नोव्हेंबरच्या शेवटी झुंबड उडते, म्हणून सही ऑक्टोबरमध्येच घ्या. शिक्का संपलेला असेल तर या वर्षी जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. शिक्षण आधी.

माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. मला काही लागतं का?

जानेवारी २०२५ पासून अमेरिकन नागरिकांना ब्रिटनसाठी ईटीए ही ऑनलाइन परवानगी लागते. डब्लिनमार्गे जमिनीवरून उत्तर आयर्लंडमध्ये गेलात तरी ती लागते. सीमेवर नाका दिसत नाही म्हणून नियम नाही असं समजू नका. ओसीआय कार्डाचा इथे संबंध नाही.

आईबाबा भारतातून माझ्याकडे आलेले आहेत. त्यांना घेऊन जाऊ का?

घेऊन जा, पण आधी त्यांच्या अमेरिकन व्हिसाची मुदत बघा आणि परतताना बोस्टनला पुन्हा प्रश्न विचारले जातील याची त्यांना कल्पना द्या. ज्येष्ठांसाठी बेलफास्ट बोस्टनपेक्षा सोपं शहर आहे. अंतरं कमी, माणसं बोलकी. काका-काकूंना टॅक्सीवाल्याने पूर्ण रस्ताभर गोष्टी सांगितल्या असं बऱ्याच घरांतून ऐकू येतं. मात्र त्याचा उच्चार पहिल्या दिवशी तुम्हालाही कळणार नाही. हळू बोला म्हटलं तर ते मनापासून हळू बोलतात.

थंडी किती असते?

बोस्टनच्या मानाने सौम्य. पारा सहसा शून्याच्या वर, दिवसा सात-आठ अंशांपर्यंत. त्रास थंडीचा नसतो, ओलाव्याचा आणि अंधाराचा असतो. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. रिमझिम कधीही. पाणी न शिरणारं जॅकेट आणि बूट घ्या. अरीनातही गारवा असतो, जर्सीच्या आत एक गरम थर हवाच.

राहायचं कुठे, फिरायचं कसं?

शहराच्या मध्यभागी, सिटी हॉलच्या आसपास राहा. तिथून लगान नदी ओलांडून अरीनापर्यंत चालत अर्धा तास लागतो, आणि ग्लायडर नावाची बस टायटॅनिक क्वार्टरकडे जाते. खेळाडूंच्या हॉटेलात राहण्याचा हट्ट करू नका. संघाला झोप, जेवण, अभ्यास आणि सराव यांचं वेळापत्रक असतं. बोस्टन आणि बेलफास्टच्या घड्याळात पाच तासांचं अंतर आहे आणि डिसेंबरात परतल्याबरोबर त्यांच्या परीक्षा असतात. लॉबीत पुस्तकं उघडून बसलेला गोलरक्षक दिसला तर लांबूनच हात करा.

जेवणाचं काय? मी शाकाहारी आहे.

उपाशी राहणार नाही. भारतीय उपाहारगृहं आहेत, आणि तिथल्या सोडा ब्रेडवर, बटाट्याच्या पोळीसारख्या पोटॅटो ब्रेडवर माझा तरी जीव आहे. सकाळच्या अल्स्टर फ्रायमध्ये हे दोन्ही असतात, फक्त मांसाशिवाय द्या म्हणून सांगावं लागतं. शुक्रवार ते रविवार सेंट जॉर्ज मार्केट भरतं. एकोणिसाव्या शतकातली विटांची मंडई आहे, तिथे दोन तास सहज जातात.

घरून नेताना चिवडा, चकली, चटणी खुशाल न्या. मात्र दुधाचे आणि मांसाचे पदार्थ अमेरिकेतून तिथे नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, खव्याची मिठाई आणि तुपाची बरणी घरीच ठेवा.

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार तिथे साधा कामाचा दिवस असतो. दुकानं उघडी, शाळा चालू. संघांसाठी टर्कीच्या जेवणाची सोय करतात, समर्थकांनी आपलं आपण बघायचं.

आपण काय घालावं, काय न्यावं, काय ओरडावं?

कॉलेजची जर्सी, टोपी, मफलर, कापडी फलक. बस. फुटबॉलचे शर्ट, मग ते कोणत्याही क्लबचे असोत, अरीनात आणू नका. सेल्टिक किंवा रेंजर्स या ग्लासगोच्या क्लबांचा शर्ट अमेरिकेत फॅशन म्हणून घातला जात असेल, बेलफास्टमध्ये तो एका बाजूचं निशाण आहे. झेंड्यांचंही तसंच. आयर्लंडचा तिरंगा किंवा ब्रिटनचा युनियन जॅक, दोन्ही नकोत. आपण आयरिश वारशाच्या शहरातून आलो म्हणून हिरवा-पांढरा-भगवा झेंडा फडकवण्याचा मोह अमेरिकन मित्रांना होतो; त्यांना प्रेमाने थांबवा. ज्या खेळाने या माणसांना एका बाकावर बसवलं, त्याच्या प्रेक्षागृहात ती जुनी रेघ आपण पाहुण्यांनी पुन्हा ओढू नये. तुमच्या शेजारचा कॅथलिक की प्रॉटेस्टंट, हे विचारूही नका. त्याला सांगावंसं वाटलं तर तो स्वतः सांगेल.

ओरडायला मोकळीक आहे. घरच्या रिंकवर आपल्या विद्यार्थ्यांच्या काही घोषणा पार शिवराळ असतात, त्या इथे बंद. समोर सहा-सात वर्षांची मुलं बसलेली असतात आणि ती ऐकलेलं सगळं पुन्हा म्हणतात. उलट त्यांना आपल्या साध्या घोषणा शिकवा. टाळ्यांचा ठेका धरून कॉलेजचं नाव घ्यायचं, एवढं पुरतं. मध्यंतरात दोन-चार मुलांना शिकवलं की तिसऱ्या भागापर्यंत अख्खी रांग म्हणते.

ढोलकी किंवा झांजा नेण्याचा विचार असेल तर अरीनाला आधी विचारा. बॅगेच्या मापावरही मर्यादा असते.

तिकिटं कशी काढायची?

आधी आपल्या कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे चौकशी करा, समर्थकांचा एकत्र ब्लॉक ते राखून ठेवतात. विखुरलेल्या जागा स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. हॉकी अरीनात साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मावतात. त्यात आपण एकत्र असलो तरच बर्फावर आवाज पोहोचतो.

खेळाडूंना जेवायला बोलावू का? काही भेट देऊ का?

इच्छा चांगली आहे, पण परस्पर काही करू नका. विद्यार्थी-खेळाडूंना समर्थकांकडून काय घेता येतं यावर एनसीएएचे नियम आहेत आणि नकळत केलेल्या आदरातिथ्यानेही खेळाडू अडचणीत येऊ शकतो. कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला एक ईमेल टाका, ते लगेच सांगतात. बहुतेक कॉलेजं दौऱ्यात समर्थक आणि पालकांसाठी एखादा स्नेहमेळावा ठेवतात, भेटण्याची योग्य जागा ती.

सामन्यांव्यतिरिक्त काय बघावं?

अरीनाच्या पलीकडेच २०१२ मध्ये उघडलेलं टायटॅनिक संग्रहालय आहे, ते चुकवू नका. जायंट्सचं नाव ज्या दंतकथेवरून आलं, त्या महाकाय फिन मॅककूलचा जायंट्स कॉजवे उत्तर किनाऱ्यावर आहे. षटकोनी बसाल्टच्या खांबांचा हा पट्टा १९८६ पासून जागतिक वारसा आहे. सह्याद्री चढलेल्यांना बसाल्टचं अप्रूप नसेल, तरी समुद्राला भिडलेले ते खांब बघण्यासारखे आहेत. जाऊन येऊन अख्खा दिवस लागतो, म्हणून गुरुवारी जा. शुक्रवारी गेलात आणि दुपारी परत यायला उशीर झाला तर पहिला सामना हुकेल.

शहराच्या पश्चिम भागात दोन मोहल्ल्यांना वेगळ्या करणाऱ्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथे स्थानिक वाटाड्याबरोबरच जा आणि त्याचं ऐकून घ्या. मी तर म्हणेन, सामन्यांच्या आधी जा. शुक्रवारी स्टँडमध्ये एकत्र बसलेल्या शाळा बघताना मग डोळे वेगळे असतात.

मला जमत नाही. घरून कसं बघू?

थेट प्रक्षेपण असतं, वाहिनी दरवेळी बदलते, कॉलेजच्या हॉकी पानावर ती आठवडाभर आधी येते. बेलफास्टला संध्याकाळी ७ चा सामना म्हणजे बोस्टनला दुपारी २, आणि भारतात मध्यरात्र उलटून साडेबारा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृहात अडकलेल्या मुलांना एकत्र बोलावून बघायला ही वेळ उत्तम आहे.

शुक्रवारी हरलो तर शनिवारी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला जायचं का?

जायचंच. तो सामनाही नोंदीत धरला जातो, आणि आदल्या रात्री हरलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांना तुमची गरज त्या दुपारी सर्वांत जास्त असते. शिवाय आपल्या संघाला दत्तक घेतलेल्या मुलांपैकी काही घरच्यांना घेऊन शनिवारी परत येतात. आपला सामना संपला की अंतिम सामन्यालाही थांबा आणि आपल्याच पट्ट्यातला दुसरा संघ असेल तर त्याच्यासाठी ओरडा. फेब्रुवारीत त्यांच्याशी भांडायला वेळ आहे. सामन्यानंतर संघ प्रेक्षकांकडे येऊन काठ्या उंचावतात, म्हणून शेवटच्या शिट्टीबरोबर दाराकडे धावू नका. रविवारी पहाटेची विमानं असतात, तेव्हा टॅक्सी शनिवारी दुपारीच ठरवून ठेवा.